कापडी पिशवी : पाणी व डाग यांपासून तिचे रक्षण



जून महिन्यात शाळा उघडतात आणि त्याच सुमारास पाऊसही सुरू होतो. आपल्याकडील बालकाच्या शालेय वर्षाचा आरंभ हा असा ओल्या पायांनी व ओल्या दप्तराने होत असतो. गतवर्षी कार्यानुभवाच्या तासाला मुलांनी हौसेने शिवलेली कापडी पिशवी पहिल्या आठवड्यात चिखलाने माखते, दुसऱ्या आठवड्यात तिला कुबट वास येऊ लागतो आणि तिसऱ्या आठवड्यात ती घरातल्या कोपऱ्यात जाऊन पडते. तिची जागा प्लॅस्टिकची पिशवी घेते. पिशवी शिवावयास आपण शिकविले, परंतु ती राखावयास शिकविले नाही, हे त्याचे कारण होय. ही उणीव कशी भरून काढता येईल, एवढेच सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विषय लहान वाटेल, परंतु त्याचे महत्त्व लहान नाही. दिनांक २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्या वेळी प्रस्तुत लेखक उपनगरातील एका शाळेत शिक्षक होता. अंधेरीपासून घाटकोपरपर्यंत आणि बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत सखल भागांत पाणी शिरले. विहार व पवई तलावांकडून माहीमच्या खाडीकडे जाणारी मिठी नदी पात्र सोडून वाहिली. एवढ्या पावसापुढे कोणतीच व्यवस्था पुरी पडली नसती, हे खरे. तथापि नाले व गटारे तुंबण्याच्या कारणांत प्लॅस्टिकच्या पातळ पिशव्याही होत्या, ही गोष्ट त्यानंतर सर्वांच्या ध्यानी आली. पुढे राज्य शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनहून पातळ अशा पिशव्यांना देशभर मनाई झाली.

परंतु कायदा फार तर दुकानातील पिशवी थांबवितो. भर पावसात मुलाच्या वह्या कोरड्या कशा राहतील, हा आईच्या मनातील प्रश्न कायद्याने सुटत नाही. त्या प्रश्नाचे उत्तर कापडी पिशवीनेच द्यावयास हवे, आणि ते कसे द्यावे हे शाळेने दाखविले पाहिजे.

१. पाणी कापडात का शिरते?

कापसाच्या तंतूस पाण्याची ओढ असते. त्यातच कापडाच्या दोन धाग्यांमध्ये अतिसूक्ष्म पोकळ्या असतात व त्यांतून पाणी आपोआप पुढे सरकते. दिव्याची वात तेल वर ओढून घेते ती याच रीतीने. म्हणून पिशवीचे केवळ बूड ओल्या जमिनीस टेकले, तरी घटकाभराने ओल वह्यांपर्यंत चढते.

याउलट अळवाचे पान पाहावे. त्यावर पाणी घातले असता ते मोत्यासारखे गोळा होऊन घरंगळते व पान कोरडेच राहते. 'अळवावरचे पाणी' हा शब्दप्रयोग आपण भाषेच्या तासाला शिकवितो. तोच विज्ञानाच्या तासालाही शिकविता येईल. अळवाच्या पानावर मेणासारख्या द्रव्याचा अत्यंत बारीक व खडबडीत थर असतो. त्या थरास पाण्याची ओढ नसल्यामुळे पाणी पसरू शकत नाही. कापडास पाण्यापासून राखणे म्हणजे त्याच्या तंतूंवर असा एखादा थर चढविणे होय. हे एक तत्त्व मुलांस समजले, की पुढील सर्व कृती त्यांस आपोआप समजतात.

२. जुन्या लोकांचे शहाणपण

ठाणे जिल्ह्यात भातलावणीच्या वेळी बांबूच्या कामट्या व पाने यांचे इरले डोक्यावर घेण्याची चाल होती. उपनगरांत जेव्हा भातखाचरे होती तेव्हा तेथेही ती होती. घाटावरील धनगर घोंगडीच्या खोळीत पावसाळा काढीत असे. मेंढीच्या लोकरीत नैसर्गिक स्निग्धांश असल्यामुळे तिच्यावरून बरेचसे पाणी निथळून जाते. इरले व घोंगडी या दोहोंत अळवाच्या पानाचेच तत्त्व आहे.

अंधेरीजवळच्या वेसावे गावच्या कोळी बांधवांची रीत मात्र निराळी होती. नायलॉनची जाळी येण्यापूर्वी सूत व तागाची जाळी वापरीत, आणि ती ऐनासारख्या झाडांच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढीत. जाळे पाण्यात भिजावयाचेच असते, त्यामुळे पाणी अडविण्याचा तेथे प्रश्न नव्हता. जाळे कुजू नये एवढाच हेतू होता. सालीतील तुरट द्रव्यामुळे सूत लवकर कुजत नाही. यावरून एक महत्त्वाचा भेद ध्यानात येतो. पाणी आत शिरणे, कापड कुजणे आणि डाग पडणे या तीन निरनिराळ्या आपत्ती आहेत व त्यांचे उपायही निरनिराळे आहेत. एकाच उपायाने तिन्ही टळतील अशी अपेक्षा केल्यामुळेच पुष्कळदा आपली निराशा होते.

३. शिवतानाच घ्यावयाची काळजी

नव्या मांजरपाटास खळ असते. ती तशीच ठेवल्यास वरचा थर तंतूंवर नीट बसत नाही, शिवाय पहिल्या धुण्यात कापड आटते. म्हणून कापड प्रथम गरम पाण्यात भिजवून, धुऊन व वाळवून मगच बेतावे. कापड शक्य तितके घट्ट विणीचे घ्यावे. विरळ विणीचे कापड कितीही चांगले राखले, तरी त्यातून पाणी झिरपतेच. रंगीत कापडाचा कोपरा भिजवून पांढऱ्या चिंधीवर दाबून पाहावा. रंग उतरत असेल तर ते पिशवीस घेऊ नये.

पिशवीत पाणी शिरण्याचे पहिले स्थान म्हणजे शिवण. सुईच्या प्रत्येक छिद्रातून थेंब आत येतो. यास्तव मोची ज्याप्रमाणे दोऱ्यास मेण लावतो त्याप्रमाणे मुलांनीही दोरा मेणाच्या खड्यावरून दोनदा ओढून घ्यावा. बूड दुहेरी करावे. तोंडावर चार बोटे तरी खाली येईल असे झाकण ठेवावे. उघड्या तोंडाच्या पिशवीस कोणताही लेप वाचवू शकत नाही. प्रत्येक पावसाळ्यात घरोघरी छत्र्या मोडतात. तारा मोडलेल्या छत्रीचे कापड बहुधा धडच असते. ते उसवून, धुऊन पिशवीस आतून अस्तर म्हणून लावावे. खर्च काही नाही आणि वह्यांस तेच सर्वांत मोठे संरक्षण आहे.

रंगाची निवडही विचारपूर्वक करावी. शुभ्र पिशवी प्रदर्शनात शोभते, परंतु मुलाच्या खांद्यावर मळखाऊ रंगच बरा. बाभळीच्या सालीच्या काढ्यात कापड उकळले असता तपकिरी रंग येतो, चिखलाचे डाग उठून दिसत नाहीत आणि सालीतील तुरट द्रव्याचा लाभ मिळतो तो वेगळाच.

४. साबण व तुरटी यांची कृती

ही कृती स्वस्त व सोपी असून मुलांच्या सान्निध्यात करण्याजोगी आहे. दोन लिटर कढत पाण्यात सुमारे सव्वाशे ग्रॅम साबण किसून विरघळवावा. दुसऱ्या भांड्यात तितक्याच गरम पाण्यात सव्वाशे ग्रॅम तुरटीची पूड विरघळवावी. स्वच्छ धुतलेली पिशवी प्रथम साबणाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बुडवून ठेवावी, म्हणजे ते पाणी धाग्याधाग्यांत मुरते. नंतर ती हलकेच पिळून निथळत ठेवावी. अर्धवट सुकली की तुरटीच्या पाण्यात तास-दोन तास बुडवावी व मग न पिळता दोरीवर वाळत घालावी. एवढ्या पाण्यात दोन-तीन लहान पिशव्या होतात. कढत पाणी शिक्षकाने स्वतः हाताळावे. मुलांनी पाणी कोमट झाल्यावरच हात घालावा.

येथे घडते ते असे. साबण पाण्यात विरघळतो, परंतु तुरटीतील ॲल्युमिनियमशी त्याचा संयोग झाला म्हणजे पाण्यात न विरघळणारे एक मेणचट द्रव्य तयार होते. ते तंतूंवरच तयार होत असल्याने तेथेच चिकटून राहते. धाग्यांमधील मोकळी जागा मात्र बुजत नाही, म्हणून कापडातून हवा खेळत राहते आणि थेंब घरंगळून जातो.

या कृतीत प्रस्तुत लेखकाचा एक प्रमाद सांगण्याजोगा आहे. पहिल्या वर्षी त्याने साबणाऐवजी घरातील धुण्याची पावडर वापरली. वर्गातील बत्तीस पिशव्या मोठ्या उत्साहाने बुडविल्या, वाळविल्या आणि पहिल्याच सरीत त्या सर्वच्या सर्व टिपकागदासारख्या भिजल्या. मुले हसली, त्याचे काही वाटले नाही. परंतु एका मुलाच्या वडिलांनी दुसऱ्या दिवशी त्याच्या हाती पुनः प्लॅस्टिकची पिशवी दिली, त्याचे वाईट वाटले. धुण्याची पावडर व आजच्या बहुतेक धुण्याच्या वड्या म्हणजे तेलापासून केलेला साबण नव्हे. तुरटीशी त्यांचे तसे मेणचट द्रव्य होत नाही. ज्या आंघोळीच्या साबणाच्या वेष्टनावर स्निग्धद्रव्याचे प्रमाण टक्क्यांत छापलेले असते तो चालतो. खात्री करावयाची असल्यास पेलाभर साबणाच्या पाण्यात चमचाभर तुरटीचे पाणी घालावे. बोटास मेणचट लागणाऱ्या पांढऱ्या गुठळ्या झाल्या, तर साबण योग्य आहे असे समजावे.

पाण्याकडेही लक्ष द्यावे. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी दुष्फेन असेल, तर साबणाचा मोठा भाग पाण्यातील क्षारांशीच संयोग पावून वाया जातो. उपनगरांत तलावांचे नळाचे पाणी सुफेन असते. खेड्यात पावसाचे साठविलेले पाणी याकामी उत्तम होय.

या लेपाची मर्यादाही मुलांस प्रामाणिकपणे सांगावी. रिमझिम पाऊस व शाळेच्या वाटेवरची एखादी सर तो झेलतो. पिशवी पाण्यात बुडाली किंवा ओझ्याने दाबली गेली, तर पाणी आत येणारच. शिवाय पिशवी साबणाने वारंवार धुतली असता लेप क्षीण होतो. म्हणून दरवर्षी मृग नक्षत्रापूर्वी कृती पुनः करावी.

५. मेणाचा उपयोग

पिशवीचे बूड व शिवणी यांस मेण लावणे हितकारक होय. पांढऱ्या मेणबत्तीचा तुकडा कापडावर दोन्ही बाजूंनी घासावा, वर कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवावी, म्हणजे मेण वितळून तंतूंत मुरते. मधमाशांचे मेण मिळाल्यास ते अधिक चिवट असते. ते ६२ ते ६४ अंश सेल्सिअस तापमानास वितळते, म्हणून गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवूनच वितळवावे. विस्तवावर प्रत्यक्ष कधीही ठेवू नये. मेण लावलेले कापड ताठ होते व घडी पडते तेथे भेगाळते, यास्तव सबंध पिशवीस मेण लावू नये. मेण लावलेला भाग गरम पाण्याने धुऊही नये.

जवसाच्या तेलाचा लेप पूर्वी ताडपत्रीस देत असत. शाळेत मात्र तो कटाक्षाने टाळावा. हे तेल वाळताना उष्णता उत्पन्न होते, आणि तेलाने भिजलेल्या चिंध्या एकत्र गोळा करून ठेवल्यास त्या आपोआप पेट घेऊ शकतात. बाजारात पाणी व डाग अडविणारे फवारेही मिळतात. त्यांपैकी काहींत फ्लोरिनयुक्त द्रव्ये असतात व ती निसर्गात वर्षानुवर्षे नाश पावत नाहीत. अशा काही द्रव्यांवर स्टॉकहोम करारान्वये २००९ व २०१९ साली निर्बंध घालण्यात आले. प्लॅस्टिक टाळण्यासाठी केलेल्या पिशवीस असे द्रव्य लावण्यात शहाणपण नाही.

६. डाग : कारण ओळखून उपाय

डागाच्या बाबतीत पहिला नियम असा, की तो जितका ताजा तितका सुटावयास सोपा. दुसरा नियम असा, की डाग कशाचा आहे हे समजल्यावाचून साबण लावू नये.

दुसऱ्या नियमाची किंमत प्रस्तुत लेखकाने एका बालिकेस रडवून मोजली आहे. तिसरीतील एका मुलीच्या आईने शिवून दिलेल्या पांढऱ्या पिशवीवर एके दिवशी लालभडक डाग दिसला. पिशवी मुद्दाम रंगाने खराब केली असे समजून लेखकाने तिला वर्गासमोर बोल लावला. ती एवढेच म्हणाली, "गुरुजी, मी तर धुतली." डबा सांडून पडलेला आमटीचा पिवळा डाग तिने घरी साबणाने घासला होता. हळद साबणासारख्या अल्कधर्मी द्रव्याच्या योगाने लाल होते, हे लेखक सातवीच्या वर्गास नित्य शिकवीत असे. परंतु समोरच्या पिशवीवर ते त्यास ओळखता आले नाही. पिशवी पुनः धुऊन दोन दिवस उन्हात ठेवताच डाग बराच फिका झाला. हळदीचा रंग उन्हाने उडतो. त्या मुलीस बोललेला शब्द मात्र तसा पुसून टाकता आला नाही.

नेहमीच्या डागांवरील उपाय पुढीलप्रमाणे आहेत.

चिखल : ओला असताना घासू नये, कण आत शिरतात. पूर्ण वाळू द्यावा, झटकावा, ब्रशाने काढावा व मग थंड पाण्याने धुवावे.

हळद : प्रथम साध्या पाण्याने, मग साबणाने धुवावे. डाग लाल झाल्यास घाबरू नये. भरपूर पाण्यात खळबळून उन्हात वाळत घालावे.

तेल : डागावर खडूची भुकटी किंवा बेसन दाबून ठेवावे. तेल शोषले गेल्यावर ते झटकून कोमट पाणी व साबण वापरावा.

चहा : तत्काळ साध्या पाण्याने धुवावा. चहातील तुरट द्रव्याचा लोहाशी संबंध आला की काळा रंग होतो. हिरडा व हिराकस यांपासून पूर्वी शाई होत असे ती याच तत्त्वावर. बाभळीच्या सालीत रंगविलेल्या पिशवीसही याच कारणाने गंजकी टाचणी लावू नये.

गंज : लिंबाचा रस व मीठ लावून उन्हात ठेवावे, नंतर स्वच्छ धुवावे. विरंजक चूर्णाने गंजाचा डाग जात नाही, उलट पक्का होतो.

बॉलपेनची शाई : डागाखाली चिंधी ठेवून वरून स्पिरिट लावलेल्या कापसाने टिपावे, घासू नये. हे काम शिक्षकाने विस्तवापासून दूर करावे.

फणसाचा चीक : प्रथम खोबरेल तेलाने सैल करावा, मग साबणाने धुवावा. केळीचा चीक, काजूच्या बोंडाचा रस व बिब्बा यांचे डाग बहुधा जात नाहीत. कपड्यांवर खुणा करण्यास परीट बिब्बाच वापरीत असत, यावरून काय ते समजावे. तेथे सावधपणा हाच उपाय.

७. वाळविणे व ठेवणे

पावसाळ्यात पिशवीचा खरा शत्रू पाणी नसून साचलेली ओल होय. उपनगरांत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व हवा सतत दमट असते. ओली पिशवी घडी करून ठेवली, की बुरशी धरते. बुरशी कापसाच्या तंतूवरच जगते, म्हणून तिचे काळे ठिपके पडतात तेथे कापड पुढे विरते. हे ठिपके धुऊन सहसा जात नाहीत.

यास्तव शाळेत आल्याबरोबर मुलांनी पिशव्या रिकाम्या कराव्या. वर्गात एक दोरी बांधावी व पिशव्या उलट्या करून, तोंड उघडे ठेवून तिच्यावर टांगाव्या. प्रत्येक मुलाकडे दोन पिशव्या असल्यास फारच उत्तम. एक खांद्यावर तर एक दोरीवर. दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी पिशव्या धुऊन, कडक वाळवून मगच कपाटात ठेवाव्या.

८. वर्गातील उपयोजन

वर्ध्याच्या १९३७ च्या परिषदेनंतर ज्या मूलोद्योग शिक्षणाचा प्रसार झाला, त्याचा गाभा हाताचे काम व अभ्यासाचे विषय यांचा समवाय हा होता. नावे बदलली तरी तो विचार आजही उपयोगी आहे. सारख्या मापाचे कापडाचे तीन तुकडे घ्यावे : एक साधा, एक साबण-तुरटीचा व एक मेणाचा. प्रत्येकावर पाण्याचा एक थेंब सोडून तो किती वेळात मुरतो हे घड्याळाने मोजावे. नंतर तिन्ही तुकडे एक मिनिट पाण्यात बुडवून, निथळवून तराजूत घालावे आणि वजन शेकडा किती वाढले याचे गणित मुलांकडून करवून घ्यावे. अशा रीतीने विज्ञान, गणित व निरीक्षणलेखन हे तिन्ही एकाच कृतीत साधतात. कृती एप्रिलमध्ये, शाळेस सुटी लागण्यापूर्वी घ्यावी; कडक ऊन त्याच दिवसांत मिळते आणि जूनमध्ये मूल तयार पिशवी घेऊन शाळेत येते.

शेवटी एकच विनंती. पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गातील पिशव्या एकदा आतून हात घालून पाहाव्या. ज्याच्या वह्या ओल्या असतील त्यास रागे भरू नये. त्याच्या पिशवीची शिवण, बूड व झाकण पाहावे आणि जेथे पाणी शिरले ते स्थान त्याच्याच बोटाने त्यास शोधू द्यावे. स्वतः दुरुस्त केलेली वस्तू मूल सहसा टाकून देत नाही.